भिंतीवरून आलेला वकील

आमची पहिली भेट झाली तेव्हा सिल्वानो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि आमच्या मध्ये दोन टर्की होते – एकमेकांचं नाक धरून.

नाक म्हणजे अगदी नाक नव्हे. नराच्या चोचीवर ती लाल सोंड लोंबत असते ना, ती. आमच्या कर्नलनं त्या परक्या नराची सोंड पकडली होती आणि परक्यानं कर्नलच्या डोक्याची कातडी. माना अशा गुंतलेल्या, जणू कुणी वेणी घातलीय. कर्नलला मी मागून मिठीत धरून मातीत बसले होते. दुसऱ्याला धरून बसला होता भिंतीवरून धपकन उडी मारून आलेला एक लांबुडका माणूस. कानाला पिवळा रंग, एक भुवई निळी.

"सोडा की!" मी ओरडले.

"मी कुठं धरलंय? त्यानं धरलंय!"

"मग सांगा त्याला!"

"तुम्ही तुमच्याला सांगा ना. तो वयानं मोठा दिसतो."

त्यानं आपला नर मागे खेचला तशी मी किंचाळले, "ओढू नका! सालटं निघेल! नुसतं धरून बसा. दमले की सोडतील."

"किती वेळानं?"

"कधी पाच मिनिटं... कधी अर्धा तास."

"अर्धा तास?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. "मग ओळख तरी करून घेऊ. मी सिल्वानो. पलीकडे घरमालक डॉन चोन यांच्या खोलीत राहतो. भिंतींवर अक्षरं रंगवतो."

"ओदिलिया."

"आणि हे?"

"कर्नल. तुमचा?"

"वकील. एकदा बोलायला लागला की थांबत नाही."

मला हसू आलं. पोट हललं, त्यामुळे कर्नल चिडला, त्यानं हिसका दिला आणि वकिलाच्या सोंडेतून रक्ताची चिळकांडी सरळ सिल्वानोच्या शर्टावर. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली. काहीएक न विचारता तिनं अंगावरचा रेबोसो काढला आणि फेकला. नेम टर्कींवर होता. पडला चौघांवर.

अंधार झाला की टर्की गप्प होतो, चोच सोडतो. लहानपणापासून मला हे माहीत होतं. माणसाचं उलटं असतं, हे त्या काळ्या शालीखाली कळलं. टर्की केव्हाच शांत झाले होते. माझ्या छातीत मात्र ढोल वाजत होता, आणि समोरून रंगाचा, घामाचा वास येत होता...

"सुटले का?" बाहेरून आई.

"नाही अजून," तो म्हणाला. खोटारडा!

आईनं शाल ओढून घेतली. कर्नलकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. डोक्यावर बोटभर लांबीची चीर, रक्त डोळ्यात उतरलेलं.

"दोन आठवड्यांवर लग्न आलंय," ती हळू आवाजात म्हणाली. आई हळू बोलली की खरं घाबरायचं.

लग्न माझ्या भावाचं, आन्सेल्मोचं. नवऱ्या मुलाच्या बहिणीनं सजवलेला नर मिठीत घेऊन नाचत मुलीच्या अंगणात जायचं – ती बहीण म्हणजे मी, आणि तो नर म्हणजे कर्नल. अंड्यातून निघाल्यापासून दोन वर्षं मी त्याला मक्याचं पीठ भरवून वाढवलं होतं. मुलीची मावशी दोन्या ओनोरिना, म्हणजे ओनोरिनाबाई, साऱ्या गावाची परीक्षक. एकदा एका वराकडचा टर्की लंगडा निघाला, तर हिनं वऱ्हाड उन्हात ताटकळत ठेवलं: ज्यांना एक पक्षी सांभाळता येत नाही ते आमची पोरगी काय सांभाळणार? त्या घराला गावात अजून 'लंगड्यांचं घर' म्हणतात. आता आम्ही 'टकलेवाले' होणार.

"आणि तुम्ही," आई सिल्वानोकडे वळली, "भिंतीवरून येता? आमच्यात टर्की काखेत घेऊन तरणा माणूस दारातून आला तर पोरीला मागणी घालायला आला म्हणतात. भिंतीवरून आला तर चोर म्हणतात."

"मी... वकिलाच्या मागं आलो, दोन्या पेत्रोना."

"तेच. चोराचा टर्की."

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत तेच नाव.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा मी देवासमोरसुद्धा तोंडातल्या तोंडात पुटपुटले होते. शिट्टी ऐकली की टर्कीच्या नराला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. पलीकडे नवा भाडेकरू आलाय, त्याच्याकडे एक बोलका नर आहे, एवढं कळल्यावर मी रोज दुपारी भिंतीपाशी उभी राहून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे. पलीकडून "गुलूगुलूगुलू!" आणि मग त्या माणसाचा वैतागलेला आवाज – "अरे बाबा, कोण आहे तिथं? कुणाशी बोलतोस?" मी शालीत तोंड खुपसून हसायचे. तीन आठवडे हा खेळ चालला. मला नुसतं त्या आवाजाचं तोंड बघायचं होतं. वकिलाला वाटलं, पलीकडे कुणीतरी नर आव्हान देतोय. एक दिवस तो खरंच आला.

हे मी सांगितलं का कुणाला? छे!

दुसऱ्या दिवशी सिल्वानो दारात. हातात टोपी, आत यायची हिंमत नाही.

"वकिलाच्या सोंडेतून अजून रक्त येतंय. काय करायचं असतं?"

"मीठ घालून उकळलेलं पाणी गार करायचं, त्यानं धुवायचं. मग मक्याचं बारीक पीठ दाबून धरायचं, रक्त थांबतं. वरून जांभळं औषध."

"जांभळंच का?"

"लाल दिसलं की बाकीचे टोचतात. टर्कीला लाल दिसलं की राहवत नाही. जांभळ्याकडे बघत नाही तो."

"अच्छा..." त्याचे डोळे चमकले. प्रत्येक गोष्टीवर त्याचे डोळे असेच चमकायचे, जणू कुणी पेटी उघडून दाखवलीय. "आणखी काही?"

इतकं भोळं तोंड समोर असलं की माझ्यासारखीनं काय करावं?

"आणखी... औषध लावताना गाणं म्हणायचं. प्रेमाचं. भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीकडे?"

"नाहीतर जखम चिघळते."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. दुपारी पलीकडून गाणं सुरू झालं. सूर असा, की आमच्या माद्या पिल्लं घेऊन आडोशाला गेल्या. आई म्हणाली, "कोण मेलं?" मी मक्याच्या पोत्यामागे लोळून हसत होते. पण तिसऱ्या दिवशी गाण्याची वेळ झाली आणि ढग आले म्हणून तो जरा उशिरा सुरू झाला, तर... मी भिंतीपाशीच उभी होते. हातात झाडू होता, झाडत मात्र नव्हते.

इकडे कर्नलचं मात्र विचित्रच चाललं होतं.

मी त्याच्यासाठी अंगणातच बोरूच्या काठ्यांचा पिंजरा केला होता. वेगळा ठेवायचा, पण बाकीच्यांना दिसत राहायला हवा, नाहीतर परत सोडला की त्याला परका समजून मारतात. धुणं, पीठ, जांभळं औषध, सगळं वेळच्या वेळी. संध्याकाळी जखम सुकलेली असायची. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बघावं तर पुन्हा ओली! चार दिवस हेच. चीर बोटभराची दीड बोट झाली.

"त्या रंगाऱ्याचा वकील येतो गुपचूप," आई म्हणाली.

मी तणतणत गेले भिंतीपाशी. "अहो रंगारी! तुमच्या वकिलाला बांधून ठेवता की नाही?"

भिंतीवर निळी भुवई उगवली. "माझा वकील चार दिवस टोपलीखाली आहे. शपथ. येऊन बघा."

"मग कर्नलला टोचतं कोण?"

"कोण?" त्याचे डोळे चमकलेच. "बघूया?"

दुपारी जेवून सगळं गाव आडवं झालं, तेव्हा आम्ही दोघं कडब्याच्या गंजीमागे दबा धरून बसलो. त्यानं भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पुडी आणली होती. आभाळ भरलेलं, बारीक थेंब पडत होते, कडब्याला ओला गोडसर वास. आणि हा माणूस कुजबुजत प्रश्न विचारत होता.

"त्याचं डोकं रंग का बदलतं?"

"भांडायला उठला की लालबुंद. माद्यांसमोर मिरवायला लागला की निळं-पांढरं."

"म्हणजे मनातलं लपवताच येत नाही बिचाऱ्याला?"

"नाही."

"मग तुमचे कान आत्ता लाल झालेत, ते भांडायला का..."

"बिया खा गपचूप."

तो बिया खायला लागला. आमची बोटं पुडीत एकदा आपटली. दुसऱ्यांदाही आपटली... तेव्हा पुडीत दोनच बिया उरल्या होत्या, आणि दोघांनाही त्या नको होत्या.

"श्श!" मी त्याचा हात दाबला. "बघा!"

एक मादी पिंजऱ्याजवळ आली. कर्नलनं लगेच पिसारा फुलवला, शेपूट पंख्यासारखं, आणि ऐटीत अगदी काठ्यांना खेटून उभा राहिला. तेवढ्यात मादीनं फटीतून मान घातली आणि – टक्! दुसरी आली. टक्! टक्! आणि हा मूर्ख माणसासारखा फुगून उभा!

"त्याच्या बायकाच टोचतायत!" सिल्वानो म्हणाला. "पण का? औषध तर जांभळं आहे."

मी डोळे बारीक केले. कर्नलच्या गळ्यात काहीतरी लटकत होतं. लाल. सकाळी मी बघितलं तेव्हा नव्हतं.

मी पळत गेले. फीत! चांगली हातभर लांब, लालभडक रेशमी फीत, जखमेच्या शेजारी फडफडत. माद्या फितीला टोचत होत्या आणि चोच बसत होती डोक्यावर.

"आई!"

आई डोळे चोळत बाहेर आली. "काय गं? नजर लागू नये म्हणून बांधते. रोज तू बाजारात गेलीस की नवी बांधते. मेल्या माद्या तोडून टाकतात."

"रोज?"

"मग! जखम वाढतेय म्हणजे नजर कडक आहे. म्हणून रोज जरा लांब फीत घेते."

मी आईकडे बघितलं. सिल्वानोनं कडब्यात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते.

आईला समजावणं म्हणजे भिंतीला पोहायला शिकवणं. फीत काढली आणि नजर लागली तर? लग्नाच्या टर्कीला लाल फितीशिवाय तिनं आयुष्यात ठेवलं नव्हतं. हो-नाही, हो-नाही चाललं. शेवटी सिल्वानो पुढे झाला, हात पुढे केला.

"दोन्या पेत्रोना, फीत माझ्या मनगटाला बांधा. लग्नापर्यंत कर्नलचं दाणा-पाणी मी करतो. म्हणजे राखण त्याच्याजवळही राहील आणि त्याच्यावर लटकणारही नाही."

आईनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग बांधली. तीन गाठी.

दुसऱ्या दिवशी तो घमेलं घेऊन अंगणात शिरला आणि अकरा माद्या त्याच्या मनगटावर धावल्या. माणूस पुढे, माद्या मागे, विहिरीला तीन फेऱ्या! मी ओट्यावर बसून टाळ्या पिटत होते.

"ओदिलिया! काहीतरी कर!"

"गाणं म्हण! भिंतीकडे तोंड करून!"

त्या धावपळीत आमचं अहो-जाहो कुठं गळून पडलं, कुणाला कळलंच नाही.

नऊ दिवस तो येत राहिला. बाही खाली ओढून फीत झाकायची युक्ती दुसऱ्याच दिवशी सुचली त्याला. सकाळी धुणं, दुपारी औषध. पिंजऱ्याला आम्ही आतून गोणपाट लावलं, चोच आत येणार नाही एवढंच. अंगणात मध्ये लाकडाची मोळी आणि जुना दरवाजा आडवा टाकला, म्हणजे भांडण झालं तर हरणाऱ्याला लपायला जागा. हे सगळं तो विचारून विचारून शिकला. मध्येच एखादा प्रश्न असा विचारायचा की मला उत्तर यायचं नाही. "टर्की हरला की त्याला आठवतं का, कुणी हरवलं ते?" "आठवतं." "किती दिवस?" ...मला काय माहीत किती दिवस!

एकदा बोलता बोलता म्हणाला, "देवळापुढच्या कमानीची अक्षरं संपली. सोमवारी दुपारच्या गाडीनं पुढच्या गावाला जायचंय."

"सोमवारी?"

"लग्न रविवारी ना? ते बघून."

मी घमेलं उगाचच जोरात आपटलं.

शनिवारी कर्नलच्या डोक्यावर कोरडी खपली होती, वर जांभळा डाग. ऐटीत चालत होता. सिल्वानो त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "एकच गोष्ट अजून कळली नाही. वकील माझ्याकडे तीन महिने होता. कधी भिंतीकडे बघितलं नाही त्यानं. मग इथं आल्यावर काय झालं? उडी का मारली?"

नुसतं कुतूहल होतं त्याचं. खांदे उडवून "कुणास ठाऊक" म्हटलं असतं तर मिटलं असतं. आयुष्यात मी शंभर थापा मारल्यात, शंभरही हसत हसत. ही एकशे एकावी काही जमली नाही.

"मी शिट्टी मारायचे," मी म्हणाले.

"काय?"

"रोज दुपारी. भिंतीपाशी. तो उत्तर द्यायचा, तू त्याच्याशी भांडायचास... मला मजा वाटायची. तीन आठवडे. म्हणून तो आला."

तो उठला. हळूच.

"बाजारात पोरं माझ्यामागं 'चोराचा टर्की' ओरडतात."

"हो."

"तुझ्या आईपुढे मी रोज मान खाली घालून उभा राहिलो."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

 त्यानं घमेलं विहिरीपाशी नीट पालथं ठेवलं, टोपी घातली आणि गेला. दारातून. त्या दुपारी भिंतीपलीकडून गाणं आलं नाही.

संध्याकाळी मी आईलाही सगळं सांगितलं. म्हटलं, आता मारायचं तर मार. आईनं मारलं नाही. म्हणाली, "मग चोर तो नव्हे. तू." आणि लग्नाच्या तमालेसाठी मक्याचं पीठ मळत राहिली. पण सकाळी बाजारातून आलेल्या शेजारणीला ती मोठ्यानं सांगत होती, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं – "त्या रंगाऱ्याला काही म्हणायचं नाही हं कुणी. आमचंच कार्टं वाह्यात."

लग्न झालं. बँड पुढे, मी मागे, कर्नल माझ्या मिठीत, पंखांना कागदी फुलं. नाचत मुलीच्या अंगणात शिरले तर समोर दोन्या ओनोरिना, कमरेवर हात. तिनं कर्नलचे पाय बघितले, छाती दाबली, आणि बोट डोक्यावर ठेवलं.

"हे जांभळं काय?"

बँड थांबला. आन्सेल्मोचा चेहरा पांढरा. मी त्या गर्दीत एक लांबुडकं डोकं शोधत होते, ते नव्हतं.

"लढलाय तो, दोन्या ओनोरिना," मी म्हणाले. "एक परका भिंतीवरून आला होता, त्याच्याशी. चूक माझी होती. पण बरा केलाय. बघा, खपलीला बोट लावा."

तिनं लावलं. कर्नलनं पिसारा फुलवला आणि डोकं निळं-पांढरं करून तिच्यासमोर असा काही मिरवला, की म्हातारी फिस्सकन हसली. "मेला! माझ्यावरच लाइन मारतोय! ह्याला कापायचा नाही रे कुणी. हा आमच्या माद्यांत राहील."

बँड सुरू झाला. सगळे नाचले. मीही नाचले, पाय नाचत होते म्हणून.

सोमवारी दुपारी अंगण रिकामं वाटत होतं. गाडी दोनला. पावणेदोन झाले होते. मी भिंतीपाशी गेले. हळूच शिट्टी वाजवली.

काही नाही.

पुन्हा एकदा. पलीकडे पानही हललं नाही. टोपली, पक्षी, माणूस – गेले असणार सगळे. तरी दोन बोटं तोंडात घातली आणि सगळा जीव ओतून, पहिल्या दिवशीसारखी मारली...

"गुलू – गुलू – ग्ग्गुलू!"

भिंतीपलीकडून नाही. दाराकडून. आणि इतकं वाईट, की कुठल्याही नराला लाज वाटावी.

"कुणाचा टर्की आजारी पडला?" म्हणत आईनं दार उघडलं.

दारात सिल्वानो. केस विंचरलेले, कानावरचा पिवळा रंग घासघासून काढलेला, काखेत आंघोळ घातलेला वकील. मनगटाला अजून लाल फीत, तिन्ही गाठींसकट.

मी बोटं तोंडातून काढली. विचारलं, "वकील... वकील बोलत का नाही आज?"

"आज माझी पाळी आहे," तो म्हणाला. "दोन दिवस रागावून बघितलं. जमत नाही. दुपार झाली की कान भिंतीकडे जातात."

"पण गाडी..."

"पुढच्या गावच्या भिंती कुठं पळून जात नाहीत." मग वकिलाला सावरून घेत, "आणि ऐक. टर्कीला गाणं लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी घरमालक डॉन चोननी सांगितलं होतं."

"मग म्हणत का राहिलास?"

"भिंतीकडे तोंड करून म्हणायला सांगितलं होतंस ना."

माझे कान... जाऊ दे.

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. वकिलाला बघितलं. फितीच्या गाठी तपासल्या, सैल झाल्यात का ते.

"दारातून आलास," ती म्हणाली.

"हो, दोन्या पेत्रोना. दारातून."

"हं. अंगणात जागा आहे. एक नर कालच गेला." आणि आत जाता जाता, "ओदिलिया, उभी काय राहिलीस? घे त्याच्या हातातून. मी पाहुण्यासाठी प्यायचं चॉकलेट ढवळते."

मी पुढे झाले. वकिलाला घ्यायला हात पुढे केले, पण सिल्वानोनं काही त्याला सोडलं नाही, आणि मग मीही माझे हात मागे घेतले नाहीत.

ह्या वेळी मध्ये एकच टर्की होता.